न्हाणीघरांची देवळे

नुसती मजा करायला परदेशी गेलो होतो, असे चारचौघांत कबूल करणारा मराठी माणूस अजून जन्माला यायचा आहे. आपण जातो ते 'बघायला'. बॅगेत चकल्या, मेतकूट आणि अगदी तळाशी पोहण्याचे कपडे असतात. पण परत आल्यावर सांगायचे ते खांबांबद्दल, कमानींबद्दल आणि 'त्या काळातसुद्धा गटारांची सोय काय होती हो!' याबद्दल. शाळेत असताना सहलीला 'शैक्षणिक' हे विशेषण एकदा चिकटते, ते निवृत्तीनंतरही सुटत नाही. हा रोग एकट्या आपलाच आहे असे मात्र नाही. अठराव्या शतकात इंग्लंडातल्या श्रीमंत घरांतले मुलगे इटलीला जात, ते शिक्षण पुरे करायला, असा त्यांच्या वडिलांचा समज होता. खर्च वडिलांचा असल्यामुळे तो समज दूर करण्याची घाई मुलांनी केलेली दिसत नाही.

या दुखऱ्या सदसद्विवेकबुद्धीची परीक्षा घ्यायला नेपल्सच्या आखाताइतकी चांगली जागा सापडणार नाही. इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर कोयरीच्या आकाराचे हे पाणी. मध्यभागी व्हेसुव्हियस ज्वालामुखी, त्याच्या पायथ्याशी पाँपेई आणि हर्क्युलेनियम, दक्षिणेच्या टोकाला सोरेंतो आणि समोर काप्री बेट. उत्तरेच्या टोकाला पोत्सुओली आणि बाया, त्यांच्यापुढे इस्किया. प्रवासी इथे दिवसाची सरळ वाटणी करतो. सकाळी पाँपेईचे अवशेष, दुपारी पोटभर जेवण, संध्याकाळी सोरेंतोला समुद्रात पाय. सकाळ 'संस्कृती'च्या खाती जमा आणि संध्याकाळ 'चैनी'च्या खाती खर्ची. माझे म्हणणे एवढेच, की हा जमाखर्च खोटा आहे. या आखातातले बहुतेक नामांकित अवशेष हे चैनीचेच अवशेष आहेत. कैरी आणि लोणचे यांच्यात जो फरक, तोच इथे चैन आणि संस्कृती यांच्यात आहे. दोन हजार वर्षे मुरली की चैनीला संस्कृती म्हणतात, आणि मग ती बघायला तिकीट पडते.

पहिला पुरावा बायाचा. मराठी वाचकाने या नावावर कोटी करायचे कारण नाही; रोमन कवींनी त्या गावाच्या लौकिकावर पुरेशा कोट्या करून ठेवल्या आहेत. मार्शलने तर एका पतिव्रतेचे वर्णन केले आहे. ती इथल्या पाण्यात उतरताना पेनेलोपी होती, म्हणजे आपल्याकडची सावित्री समजा. निघताना ती हेलन झाली, आणि कोणा तरुणाबरोबर पसार झाली. अशा या गावात डोंगराच्या उतारावर आज तीन देवळे दाखवतात. एक मर्क्युरीचे, एक व्हीनसचे, एक डायनाचे. तिन्ही भव्य, तिन्ही घुमटाची, आणि तिन्हींचा देवाशी काडीचा संबंध नाही. ही स्नानगृहांची दालने. जमिनीतून उकळते पाणी आणि वाफ आपोआप येत होती, ती कोंडून घाम काढायची ही सोय. मर्क्युरीच्या तथाकथित देवळाचा घुमट सुमारे साडेएकवीस मीटर रुंद आहे आणि रोमच्या जगप्रसिद्ध पँथिऑनपेक्षा शंभर वर्षांहून जुना आहे. पण एवढे मोठे बांधकाम कोणी नुसते आंघोळीसाठी करील, हे नंतरच्या विद्वानांच्या पचनी पडले नसावे. मोठे आहे, गोल आहे, वर आकाशाला भोक आहे, तेव्हा देऊळच असले पाहिजे! जवळच्या अव्हेर्नो तळ्याकाठचे अपोलोचे देऊळही असेच न्हाणीघर निघाले. त्यातल्या त्यात प्रामाणिक म्हणजे बायाच्या आवारातले अंजिराचे झाड. ते कमानीच्या छताला मुळे रोवून खाली डोके वर पाय वाढले आहे; इथे सगळेच उलटे वाचायचे असते, ही सूचना त्याने तरी दिली.

पोत्सुओलीत तर याहून गंमत आहे. तिथे १७५० साली खोदकामात सेरापिस या देवाची मूर्ती मिळाली, म्हणून त्या जागेला सेरापिसचे मंदिर म्हणू लागले. तीन उंच संगमरवरी खांब, मध्ये गोल चौथरा, भोवती ओवऱ्या. श्रद्धा बसायला आणखी काय लागते? पुढे कळले, की ही गावची मंडई. त्या ओवऱ्या म्हणजे दुकानांचे गाळे. पुण्याच्या मंडईत गणपती आहे म्हणून उद्या कोणी वांगी-बटाट्याच्या गाळ्यांना गाभारे ठरवावे, तसा हा प्रकार. विद्वानांनी चूक केव्हाच दुरुस्त केली. लोकांच्या तोंडून 'सेरापिओ' हे नाव काही गेले नाही. मासळीच्या भावावरून जिथे हुज्जत चालत असे, तिथे आता लोक कठड्याशी उभे राहून हळू आवाजात बोलतात.

मग रोमन माणसे इथे यायची तरी कशाला? त्यांनी स्वतः काही लपवलेले नाही. रोमच्या उन्हाळ्याला, राजकारणाला आणि एकमेकांना कंटाळलेले श्रीमंत लोक इथे बंगले बांधत. स्ट्रेबो हा ग्रीक भूगोलकार लिहितो, की घरे आणि मळे यांच्या गर्दीमुळे सगळा किनारा एकच सलग शहर वाटतो. लोणावळ्याचे वर्णन याहून वेगळे काय करणार? बंगल्यांना नावे देण्याची हौसही आपल्यासारखीच. नेपल्सच्या पश्चिमेला व्हेडियस पोलियो नावाच्या धनाढ्याचा बंगला होता, 'पाउसिलिपॉन', म्हणजे दुःखाला विराम देणारा. आपल्या भाषेत 'विसावा'. त्या बंगल्याने अख्ख्या टेकडीला नाव दिले आणि ती आजही पोसिलिपो म्हणून मिरवते. जिथे बंगले तिथे बिल्डर आलाच. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुरुवातीला सर्जियस ओराटा नावाच्या गृहस्थाने इथल्या लुक्रीनो तळ्यात कालवांची शेती सुरू केली. अधांतरी जमिनीखालून गरम हवा खेळवणारी स्नानगृहे त्याने शोधून काढली असे थोरला प्लिनी हा रोमन लेखक सांगतो. जुने बंगले घ्यायचे, त्यात ही सोय बसवायची आणि चढ्या भावाने विकायचे, हा त्याचा धंदा. कालवांचा नाश्ता, अटॅच्ड बाथ, समुद्राचे दर्शन! जाहिरातीतला एकही शब्द आज बदलायला नको.

सहलीला जाऊन तक्रार करणे हासुद्धा इथलाच पुरातन वारसा आहे. सिसेरो या रोमन वक्त्याचे या किनाऱ्यावर एकाहून अधिक बंगले होते, आणि पाहुण्यांचा जाच प्रत्येक बंगल्याबरोबर फुकट होता. इसवी सनापूर्वी ४५ सालच्या डिसेंबरात त्याच्याकडे ज्युलियस सीझर जेवायला आला, तो दोन हजार माणसांचा लवाजमा घेऊन. जेवण उत्तम झाले, गप्पा साहित्यावर झाल्या. पण हा काही 'पुन्हा या हं' म्हणून निरोप द्यावा असा पाहुणा नव्हे, असे सिसेरोने मित्राला कळवले. कोकणात घर असलेल्या प्रत्येकाला मे महिन्यात हे पत्र आपणच लिहिल्यासारखे वाटेल. पोत्सुओलीत सिसेरोचे काही गाळे भाड्याने दिलेले होते. त्यातले दोन कोसळले आणि बाकीच्यांना तडे गेले, तेव्हा भाडेकरूच नव्हे तर उंदीरही जागा सोडून गेल्याचे त्याने मोठ्या खेळकरपणे लिहिले आहे. सेनेका हा तत्त्वज्ञ तर बायाला आला आणि दुसऱ्या दिवशी निघाला. गाव दुर्गुणांची धर्मशाळा आहे, किनाऱ्यावर दारुडे हिंडतात, तळ्यावर गाणीबजावणी चालते, हा त्याचा अभिप्राय. पण त्याच सुमाराची त्याची पुढची पत्रे वाचली तर स्वारी याच आखातात घोटाळताना दिसते. एकदा नेपल्सहून पोत्सुओलीला होडीने निघाला, बोट लागली, आणि किनारा येईपर्यंत दम न धरता अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरला. पुढे समुद्र नको म्हणून बोगद्याने गेला, तर तिथे त्याला चिखल आणि धूळ एकाच प्रवासात भेटली. रस्त्याच्या कामाचा अनुभव असलेल्या आपल्या वाचकाला हे अशक्य वाटणार नाही.

यावर अभ्यासू वाचक म्हणेल, की थट्टा पुरे; तो घुमट, ते स्थापत्य, ते काँक्रीट खरेच थोर आहे आणि माणूस ते बघायला जातो. मान्य. पण हे थोरपण आले कशासाठी, हेही बघावे. या परिसरातली ज्वालामुखीची राख चुन्यात कालवली की मिश्रण पाण्याखालीही घट्ट होते, हे रोमनांच्या ध्यानात आले. व्हिट्रुव्हियस या वास्तुकाराने बायाच्या आसपासच्या या भुकटीची आवर्जून नोंद केली आहे. तिच्या जोरावर धक्के आणि बंदरे झाली हे खरे. पण त्याच भुकटीने थेट समुद्रात माशांचे खासगी हौद आणि लाटांवर ओणवी झालेली जेवणाची दालनेही उभी राहिली. इथल्या प्रचंड घुमटांचा सराव आंघोळीवर झाला. आपल्याकडे बांधकामावर पडलेल्या सिमेंटच्या गोणीवर 'पोर्टलँड पोझोलाना' असे छापलेले असते. त्यातला पोझोलाना म्हणजे पोत्सुओलीचीच राख, निदान नावाने. आपल्या गोणीत बहुधा औष्णिक वीजकेंद्राची राख असते. म्हणजे नाशिकच्या किंवा नांदेडच्या नव्या इमारतीतही रोमन चैनीचा एक शब्द मिसळलेला आहे. गरजेपोटी माणूस जेवढे शिकतो तेवढेच हौसेपोटीही शिकतो. फक्त शाळेत पहिल्याबद्दल निबंध लिहायला सांगतात.

दुसरा आक्षेप शहाणपणाचा आहे. ज्वालामुखीच्या तोंडावर बंगले बांधणारे आणि आजही तिथे छत्र्या रोवणारे लोक मूर्खच नाहीत का? बाया आणि पोत्सुओली हे नुसते ज्वालामुखीजवळ नाहीत, ते ज्वालामुखीच्या आतच आहेत. काम्पी फ्लेग्रेई नावाची ही बारा-पंधरा किलोमीटर रुंदीची कढई आहे, आणि तिचा तळ वर-खाली होतो. भरती-ओहोटी सगळीकडे समुद्राला असते, इथे ती जमिनीला आहे. त्या मंडईच्या तीन खांबांवर, माणसाच्या उंचीच्या कितीतरी वर, दगड पोखरणाऱ्या समुद्री शिंपल्यांची भोके आहेत. म्हणजे मंडई मधल्या काळात समुद्रात बुडून पुन्हा वर आली. चार्ल्स लायेलने १८३० साली आपल्या भूशास्त्राच्या ग्रंथात मुखपृष्ठामागे हेच खांब छापले. १५३८ साली इथे आठवडाभरात एक नवा डोंगर उभा राहिला, आणि त्याखाली गरम पाण्याच्या कुंडांचे एक अख्खे गाव गेले. लोकांनी डोंगराचे नाव ठेवले 'नवा डोंगर' आणि ते पुढच्या कामाला लागले. १९८२ ते १९८४ या काळात पोत्सुओलीची जमीन पावणेदोन मीटरच्या आसपास वर आली. २००५ पासून ती पुन्हा मीटरभराहून अधिक चढली आहे, आणि बंदरातल्या होड्यांखालचे पाणी उथळ होत चालले आहे. तरी धोक्याच्या पट्ट्यात सुमारे पाच लाख माणसे राहतात. त्यांना मूर्ख म्हणणे सोपे आहे. पण गरम पाणी, काळी कसदार माती, द्राक्षे, ती सिमेंटची राख आणि तो जीवघेणा डोंगर हे सगळे एकाच घरातले आहेत. आंघोळीला कढत पाणी हवे, पण घरात चूल नको, असे कसे चालेल?

तिसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. ही चैन होती मूठभरांची. नोकर-गुलामांच्या कष्टावर चाललेली. तिला आजच्या पगारदार प्रवाशाच्या चार दिवसांच्या रजेशी कशाला जोडायचे? यातला पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. पाउसिलिपॉनचा तो मालक चूक करणाऱ्या गुलामांना हौदातल्या माशांपुढे टाकी, अशी त्याची ख्याती होती. दुःखाला विराम होता तो मालकाच्या. पण नेमके म्हणूनच न्हाणीघराला न्हाणीघर म्हटले पाहिजे. देऊळ म्हटले की सगळे देवाने केले असे वाटते. न्हाणीघर म्हटले की लगेच प्रश्न पडतो: तेल कोणी चोळले, लाकडे कोणी वाहिली, होडी कोणी वल्हवली? आणि तो प्रश्न एकदा पडला की आज पहाटे किनाऱ्यावर खुर्च्या मांडणाऱ्या, हंगाम संपला की बेकार होणाऱ्या पोराकडेही आपले लक्ष जाते. चैनीला चैन म्हणण्यात तिचे समर्थन नाही; हिशेब मांडायची ती पहिली ओळ आहे.

शिवाय मूठभरांची चैन फार काळ मूठभरांची राहत नाही, याचाही पुरावा आहे. रोमन काळाच्या उत्तरार्धात, तिसऱ्या-चौथ्या शतकात, बाया आणि पोत्सुओलीच्या किनाऱ्याची चित्रे कोरलेल्या काचेच्या सुरया विकल्या जात. त्यावर धक्का, तळी, कालवांच्या बागा असे सगळे कोरून खाली नावेही घातलेली. घरच्यांना चित्र कळणार नाही ही भीती दुकानदारालाही असावी. अशा सुरया स्पेनमध्ये आणि पोर्तुगालमध्येही सापडल्या आहेत. फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकाचा हा खापरपणजोबा; आज तो संग्रहालयात काचेच्या पेटीत बसला आहे आणि त्याच्यावर शोधनिबंध आहेत. पाँपेईच्या बॅसिलिका या सार्वजनिक इमारतीच्या भिंतीवर गायस पुमिडियस डिपिलस नावाचा माणूस 'इथे होता' असे लिहून गेला आहे, वर तारीखही टाकून. ती आपल्या हिशेबाने इसवी सनापूर्वी ७८ मधली ३ ऑक्टोबर येते. त्याच इमारतीत आणखी कोणी भिंतीलाच विचारले आहे, की एवढ्या लोकांचा कंटाळवाणा मजकूर अंगावर वागवून तू कोसळत कशी नाहीस. यावरून किल्ल्याच्या तटावर नाव कोरणाऱ्याने उत्तेजन घेऊ नये. शिलालेखकार ठरायला डिपिलसला दोन हजार वर्षे थांबावे लागले. तोवर तो भिंत खराब करणाराच होता.

चैन जशी मुरते, तशी जाहिरात आणि कुजबुजही मुरते. व्हेसुव्हियसवर चढण्यासाठी १८८० साली दोरखंडाने ओढली जाणारी रेल्वे सुरू झाली आणि तिच्याबद्दल लुइजी डेंझाने एका गाण्याला चाल लावली, 'फुनिकुली फुनिकुला'. गाणे आगगाडीचे, पण ते इतके गाजले की रिचर्ड श्ट्राउस या जर्मन संगीतकाराने ती नेपल्सची पारंपरिक लोकधून समजून आपल्या वाद्यवृंदाच्या रचनेत घेतली. डेंझा जिवंत होता आणि त्याने दावा लावला, हे परंपरेचे दुर्दैव. रेल्वे १९४४ च्या उद्रेकात गेली, गाणे राहिले. काप्रीवर सम्राट टायबेरियस अखेरची दहा वर्षे राहिला आणि तिथूनच साम्राज्य चालवले; घरून काम करणाऱ्यांचा तो आद्य पुरुष. तो नावडत्या माणसांना कड्यावरून समुद्रात लोटत असे, ही गोष्ट स्वेटोनियस या चरित्रकाराने लिहिली ती सम्राटाच्या मृत्यूनंतर ऐंशीएक वर्षांनी. एखाद्या साहेबाबद्दल ऑफिसात तीन पिढ्या पुरेल अशी ती कुजबुज; आज त्या कड्यावर इतिहास म्हणून छायाचित्रे निघतात. काप्रीच्या निळ्या गुहेला जर्मन प्रवाशांनी १८२६ साली प्रसिद्धी दिली. १९६४ साली तिच्या तळातून रोमन मूर्ती निघाल्या, तेव्हा कळले की ही बादशाही पोहण्याची जागा. म्हणजे उताणे पडून त्या बुटक्या तोंडातून आत सरकणारा आजचा प्रवासी निसर्ग बघायला जातो आणि रोमन हौदात शिरतो. खुद्द सुट्टीही जुनीच. १५ ऑगस्टला आपण झेंडावंदन करत असतो, तेव्हा सगळी इटली 'फेर्रागोस्तो' म्हणून समुद्रावर असते. त्या शब्दात ऑगस्टसच्या सुट्ट्या लपल्या आहेत.

आपला या व्यवहाराशी काही संबंध नाही, असेही नाही. १९३८ साली पाँपेईत सुमारे पंचवीस सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. नेपल्सच्या संग्रहालयात ती आज आहे, आणि शोधणाऱ्यांनी तिला लगोलग लक्ष्मी म्हटले. तिच्या डोक्यात वरून खाली भोक आहे. ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या नाजूक मेजाचा पाय. तिच्याशी मिळतेजुळते हस्तिदंती काम मराठवाड्यात भोकरदन आणि तेर इथे सापडल्यामुळे ती आपल्या बाजूची असण्याची शक्यता अभ्यासक बोलून दाखवतात. म्हणजे पुन्हा तेच: न्हाणीघराचे देऊळ, मंडईचे मंदिर आणि मेजाच्या पायाची महालक्ष्मी. उलट दिशेने कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीत रोमन घडणीची समुद्रदेवाची, पोसायडनची, कांस्यमूर्ती मिळाली; ती आता टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. कोल्हापुरात समुद्रदेवाचे काय काम, असे विचारू नये. कोणाला तरी ती आवडली, त्याने विकत घेतली आणि दिवाणखान्यात ठेवली असेल. सातवाहनांच्या काळीही शोकेस ही संस्था असणारच.

चौथा आक्षेप मात्र थट्टेवारी नेता येत नाही. पाँपेई हे काही रिसॉर्ट नव्हे. ते कष्टाचे गाव होते. भट्ट्या, धोबीखाने, माशांच्या लोणच्याचे कारखाने असलेले. इसवी सन ७९ मध्ये ते राखेखाली गेले आणि हजाराहून अधिक माणसांचे अवशेष तिथे मिळाले आहेत. १८६३ पासून त्या राखेतल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून काढलेले देह बघताना मौजेची भाषा कशी करायची? करू नये. तिथे गप्प राहावे. पण ते गप्प राहणे कशासाठी, हे मात्र नीट ओळखावे. इथे जे थांबले ते 'रोमन संस्कृती' नावाचे प्रकरण नव्हते. ती पुढे कैक शतके चालली. थांबला तो एक साधा दिवस. भाकरी भट्टीत होत्या, खानावळीचे रांजण भरलेले होते. आखाताच्या पलीकडच्या टोकाला सतरा वर्षांच्या धाकट्या प्लिनीला मामाने, म्हणजे वर आलेल्या थोरल्या प्लिनीने, डोंगराचा तो चमत्कार बघायला बरोबर येतोस का विचारले. तो म्हणाला, मला अभ्यास आहे. मामा लोकांना सोडवायला गेला आणि स्टाबिएच्या किनाऱ्यावर मेला. भाचा वाचला आणि त्याने ते सगळे लिहून ठेवले. गृहपाठाने जीव वाचल्याचे एवढे खात्रीचे उदाहरण इतिहासात दुसरे नसावे, आणि शिक्षकवर्गाने ते अजून वापरले नाही हे नवल. तरीही, ते राखेतले देह आपल्याला हलवतात ते खांबांमुळे नाही. आपल्यासारखाच कोणाचा तरी दिवस मध्येच तुटला, म्हणून.

मग गर्दीचे काय? सगळेच हक्काने मौज करायला आले तर उरेल काय? हा प्रश्न रास्त आहे. पाँपेईत २०२४ च्या नोव्हेंबरपासून दिवसाला वीस हजारांहून जास्त माणसे सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण नीट पाहिले तर नासधूस फक्त मौज करणाऱ्याकडून होते असे नाही. ज्याला 'आठवण' घरी न्यायची असते त्याचाही तिला हातभार लागतो. पाँपेईचे दगड आणि फरशीचे तुकडे उचलून नेणारे कितीतरी पर्यटक पुढे ते टपालाने परत पाठवतात, सोबत माफीचे पत्र: शाप लागला, घरात आजारपण आले, धंदा बसला. अवशेष पवित्र मानले म्हणूनच चोरले आणि पवित्र मानले म्हणूनच घाबरून परत केले. जो त्यांना कोणाचे तरी अंगण समजला असता, त्याने दुसऱ्याच्या अंगणातली फरशी उपटली नसती. मौज मोकळेपणाने कबूल करणारा माणूस निदान ओला टॉवेल घेऊनच परत येतो.

बायाच्या समुद्रात हा सगळा युक्तिवाद पाच मीटर पाण्याखाली मांडून ठेवला आहे. जमीन खचल्यामुळे जुने गाव किनाऱ्यासकट बुडाले. त्यात सम्राट क्लॉडियसचे मेजवानीचे दालन आहे: पाण्याच्या पाटाभोवती आडवे होऊन जेवायची सोय, आणि समोर एकाक्ष राक्षसाला दारू पाजायला निघालेल्या युलिसिसचा देखावा. मूळ पुतळे वर किल्ल्यातल्या संग्रहालयात नेले आणि खाली त्यांच्या जागी हुबेहूब नकला उभ्या केल्या. आता काचेच्या तळाच्या बोटीतून माणसे वाकून त्या नकला बघतात, पाणबुडे त्यांच्याभोवती अदबीने पोहतात. नकला बसवून फार काळ झालेला नाही, पण समुद्राला कागदपत्रे वाचता येत नाहीत. त्याने नाकाडोळ्यांवर शेवाळ चढवायला घेतले आहे, दाढीत शिंपले बसवले आहेत. आणि वर, त्याच पाण्याच्या काठी, भाड्याच्या छत्रीखाली कोणीतरी आडवे होऊन जेवते आहे.